अठरा महिन्यांचा महागाई भत्ता: महामारीत गोठवलेल्या तीन हप्त्यांचे प्रकरण

पार्श्वभूमी

१३ मार्च २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांचा आणि निवृत्तांचा महागाई भत्ता मूळ वेतनाच्या १७ टक्क्यांवरून २१ टक्के करायला मंजुरी दिली. चार टक्क्यांचा हा हप्ता १ जानेवारीपासून लागू व्हायचा होता. मंत्रिमंडळाच्या मंजुरीनंतर वित्त मंत्रालयाच्या व्यय विभागाचा आदेश निघतो, त्यानंतरच आहरण व संवितरण अधिकारी (पगाराची बिले काढणारे) पगारपत्रकात नवा दर लावतात. हा आदेश निघालाच नाही. २४ मार्चला टाळेबंदी जाहीर झाली आणि २३ एप्रिलला त्याच विभागाचा दुसरा आदेश आला. त्यात १ जानेवारी २०२०, १ जुलै २०२० आणि १ जानेवारी २०२१ असे तिन्ही हप्ते गोठवले होते. तोवर दर १७ टक्केच राहील, १ जुलै २०२१ पासून तिन्ही हप्ते पुढच्या दरात मिळवले जातील आणि मधल्या काळाची थकबाकी मिळणार नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. सुमारे ४८ लाख कर्मचारी आणि ६५ लाख निवृत्तिवेतनधारक या एका आदेशाखाली आले. सैन्यदले आणि रेल्वेही त्यातच होती.

या निर्णयाची चर्चा तेव्हा "संकटात पगारवाढ कशाला हवी" अशा सुरात झाली. पण महागाई भत्ता ही पगारवाढ नव्हे. सातव्या वेतन आयोगानंतर त्याचा हिशेब ठरलेला आहे. औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाची (आधारवर्ष २००१) बारा महिन्यांची सरासरी काढायची, त्यातून २६१.४२ वजा करायचे, उरलेल्या आकड्याला २६१.४२ ने भागायचे आणि शंभराने गुणायचे. अपूर्णांक सोडून द्यायचा. जानेवारीचा दर मागच्या जानेवारी ते डिसेंबरच्या सरासरीवर ठरतो, जुलैचा दर मागच्या जुलै ते जूनच्या सरासरीवर. म्हणजे जानेवारी २०२० चा चार टक्क्यांचा हप्ता २०१९ मध्ये होऊन गेलेल्या महागाईची भरपाई होता. कांदा शंभरीपार गेला ते वर्ष. ती महागाई कर्मचाऱ्यांनी आधीच सोसली होती आणि तिचा कोरोनाशी काही संबंध नव्हता.

खरी पगारवाढ, म्हणजे दरवर्षीची तीन टक्क्यांची वेतनवाढ, गोठवली नाही. जुलै २०२० मध्ये ती नेहमीप्रमाणे लागली. त्यामुळे "सरकारी पगार गोठले" हे म्हणणेही चूक आणि "फक्त वाढ थांबली" हेही चूक. वाढ चालू राहिली, थांबली ती भरपाई. न्याय-अन्यायाचा विचार या फरकापासूनच सुरू व्हायला हवा.

प्रश्न

सरकारसमोरची अडचण खोटी नव्हती. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाचे सकल उत्पादन २३.९ टक्क्यांनी घसरल्याचा पहिला अंदाज आला. कर आटले होते, आरोग्य आणि धान्यवाटपावरचा खर्च वाढत होता आणि मजूर पायी गावाकडे निघाले होते. ज्याची नोकरी शाबूत आहे आणि पगार एक तारखेला जमा होतो त्याने काही सोडावे, ही अपेक्षा गैर म्हणता येत नाही. सरकारी नोकराच्या बाजूने बोलणाऱ्याने आधी या युक्तिवादाला उत्तर द्यायला हवे, कारण विरुद्ध बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा तोच आहे.

पण तो मान्य केला की पुढचे प्रश्न टाळता येत नाहीत. कोणी किती सोडायचे? ते कायमचे सोडायचे की उशिरा घ्यायचे? कोविड कक्षात उभी असलेली परिचारिका आणि घरून फाइली पाहणारा सचिव या दोघांना एकच नियम लावायचा का? आणि ज्यांना महागाई भत्ता मिळतच नाही, त्या आशा सेविकांचे काय?

तोटा नेमका किती

बहुतेक वादात हा हिशेब अर्धवट मांडला जातो, म्हणून तो पूर्ण करून पाहू.

जानेवारी ते जून २०२०: लागू व्हायला हवा होता २१ टक्के, मिळाला १७. फरक ४, सहा महिने, एकूण २४.
जुलै ते डिसेंबर २०२०: २४ ऐवजी १७. फरक ७, एकूण ४२.
जानेवारी ते जून २०२१: २८ ऐवजी १७. फरक ११, एकूण ६६.

बेरीज १३२. म्हणजे अठरा महिन्यांत प्रत्येकाचे मूळ वेतनाच्या १३२ टक्के, सव्वा महिन्याच्या मूळ वेतनाहून थोडे जास्त, कायमचे गेले. जुलै २०२० ची वेतनवाढ धरली तर आकडा आणखी थोडा वाढतो, सोयीसाठी ती इथे सोडली आहे. पुढच्या व्यक्ती नमुन्यादाखल आहेत, वेतनस्तर मात्र खरे आहेत.

स्तर १ चा कर्मचारी, मूळ वेतन १८,००० रुपये: तोटा २३,७६० रुपये.
स्तर ७ ची परिचर्या अधिकारी, मूळ वेतन ४४,९०० रुपये: तोटा ५९,२६८ रुपये.
सचिव, मूळ वेतन २,२५,००० रुपये: तोटा २,९७,००० रुपये.
किमान निवृत्तिवेतन ९,००० रुपये घेणारी विधवा: तोटा ११,८८० रुपये.

टक्केवारी सर्वांना सारखी दिसते, पण प्राप्तिकर मध्ये आला की ती सारखी राहत नाही. स्तर १ च्या कर्मचाऱ्याला कर लागतच नाही, त्यामुळे त्याचे २३,७६० च्या २३,७६० हातातून गेले. सचिवाला ही रक्कम मिळाली असती तर उपकरासह ३१.२ टक्के करात गेली असती. त्याचा हातातला तोटा सुमारे २ लाख ४ हजारांचा. टक्के सारखे ठेवल्यामुळे भार सारखा झाला नाही, तो खालच्या बाजूला थोडा जास्तच झुकला.

घरभाड्याकडे फार थोड्यांचे लक्ष गेले. सातव्या वेतन आयोगाच्या आदेशांनुसार महागाई भत्ता २५ टक्क्यांच्या पुढे गेला की घरभाडे भत्ता शहराच्या वर्गानुसार मूळ वेतनाच्या २४, १६ आणि ८ टक्क्यांवरून २७, १८ आणि ९ टक्के होतो. भत्ता गोठवला नसता तर हा टप्पा १ जानेवारी २०२१ लाच ओलांडला गेला असता. मुंबई-पुण्यात राहणाऱ्या त्या परिचर्या अधिकाऱ्याचे दरमहा १,३४७ रुपये, सहा महिन्यांचे ८,०८२ रुपये यात गेले. दोन्ही मिळून तोटा ६७,३५० रुपये, म्हणजे बरोबर दीड महिन्याचे मूळ वेतन. अगदी खालच्या स्तराला मात्र इथे संरक्षण होते. मोठ्या शहरांत घरभाडे भत्ता किमान ५,४०० रुपये आहे, आणि लिपिकाच्या १९,९०० मूळ वेतनाचे २७ टक्के काढले तरी ५,३७३ होतात. त्यामुळे त्या लिपिकाला फरक पडला नाही. किमान रकमेची एक ओळ आदेशात असली की तळचा माणूस कसा वाचतो, ते इथे दिसते. २३ एप्रिलच्या आदेशात अशी ओळ नव्हती.

तिसरी गळती राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेतली. २००४ पासून लागलेल्यांच्या (सैन्यदले सोडून) खात्यात सरकार मूळ वेतन अधिक महागाई भत्ता यांच्या १४ टक्के भरते. भत्ता कमी म्हणजे हा वाटाही कमी. परिचर्या अधिकाऱ्याच्या बाबतीत तो ८,२९७ रुपयांनी घटला, आणि ही रक्कम खात्यात असती तर पुढची वीस-पंचवीस वर्षे वाढत राहिली असती.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय काहीच न गोठवण्याचा. माजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी त्या वेळी जाहीरपणे म्हटले होते की या टप्प्यावर सरकारी नोकर आणि सैन्यदलांवर असा भार टाकण्याची गरज नाही. पुढे सरकारनेच संसदेत सांगितलेली बचत ३४,४०२ कोटी रुपयांची. २०२०-२१ या एका वर्षाची वित्तीय तूट १८ लाख कोटींच्या वर होती. बचत अठरा महिन्यांची आणि तूट बारा महिन्यांची धरली, तरी प्रमाण दोन टक्क्यांच्या आत राहते. तरीही ३४ हजार कोटी ही लहान रक्कम नाही आणि एप्रिल २०२० मध्ये पुढे काय वाढून ठेवले आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते. त्यामुळे हा पर्याय नाकारला याला दोष देता येत नाही.

दुसरा पर्याय पगाराचे टप्पे पाडण्याचा. महाराष्ट्राने ३१ मार्च २०२० ला तो जाहीर केला: लोकप्रतिनिधींना ४० टक्के, अ आणि ब वर्गाला ५० टक्के, क वर्गाला ७५ टक्के, ड वर्गाला पूर्ण पगार. सुरुवातीला ही कपात असल्याचा समज झाला आणि एकच गदारोळ उठला. मग उरलेला पगार दुसऱ्या टप्प्यात मिळेल, असा खुलासा झाला. जाहीर करण्याची पद्धत ढिसाळ होती, पण रचना न्याय्य होती. वर जास्त भार, खाली शून्य, आणि पैसे परत. केरळने पाच महिने दरमहा सहा दिवसांचा पगार राखून ठेवला, पण कमी पगाराच्या कर्मचाऱ्यांना त्यातून वगळले. उच्च न्यायालयाने स्थगिती दिल्यावर त्यासाठी अध्यादेश काढला. आंध्र प्रदेशने पगार आणि निवृत्तिवेतन पुढे ढकलले. तिथे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये सहा टक्के व्याजासह रक्कम देण्याचा आदेश झाला. कमावलेला पगार अडवता येत नाही, अडवला तर व्याज द्यावे लागते, हा त्याचा अर्थ. महागाई भत्ता जाहीर होईपर्यंत त्या अर्थाने कमावलेला धरत नाहीत. केंद्राने भत्त्याला हात लावला, पगाराला नाही, याचे एक कारण हे असावे.

तिसरा पर्याय श्रेणीनुसार भत्ता देण्याचा. याला जुना आधार होता, म्हणून त्यावर थोडे थांबायला हवे. पाचव्या वेतन आयोगापर्यंत महागाईची भरपाई सर्वांना सारखी नव्हतीच. चौथ्या आयोगाच्या काळात ३,५०० रुपयांपर्यंतच्या मूळ वेतनाला शंभर टक्के, त्यापुढे ६,००० पर्यंत ७५ टक्के आणि त्याहून वर ६५ टक्के भरपाई मिळे. म्हणजे वरच्याने थोडे जास्त सोसावे हे तत्त्व वर्षानुवर्षे अमलात होते. ते अठरा महिन्यांपुरते परत आणायला नवा सिद्धांत लागत नव्हता. पगाराच्या प्रणालीत स्तरनिहाय दर टाकला की काम झाले असते.

चौथा पर्याय अडवा पण परत करा. यालाही आधार आहे. १९७४ मध्ये महागाई भडकलेली असताना केंद्राने कायदा करून वाढीव महागाई भत्त्याचा निम्मा भाग सक्तीने ठेवीत टाकला आणि नंतर हप्त्यांनी व्याजासह परत केला. महाराष्ट्रात तर कर्मचाऱ्यांना ही पद्धत अंगवळणी पडली आहे. सातव्या वेतन आयोगाची थकबाकी पाच हप्त्यांत भविष्य निर्वाह निधीत जमा करायचे ठरले होते, आणि २०२० चा हप्ता राज्याने वर्षभर पुढे ढकलला. पुढे ढकलला, बुडवला नाही. केंद्राला तीन हप्त्यांची रक्कम निधीत जमा करून पाच वर्षे काढता येणार नाही अशी अट घालता आली असती. रोख लगेच गेली नसती. व्याज द्यावे लागले असते, पण तेव्हा त्या निधीचा दर ७.१ टक्के होता आणि पाच वर्षांनी परत करायची रक्कम एकदम अंगावर आली नसती.

काय केले गेले

या चारही पर्यायांहून वेगळा मार्ग निवडला गेला: भत्ता सर्वांचा, सारख्या टक्क्याने, तिन्ही हप्ते, थकबाकीशिवाय. त्याच महिन्यात खासदारांच्या वेतनात वर्षभरासाठी ३० टक्के कपातीचा अध्यादेश निघाला. तो प्रतीक म्हणून योग्यच होता, पण त्याने तिजोरीवर फारसा फरक पडत नव्हता.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. थकबाकी मिळणार नाही हे पहिल्याच दिवशी सांगितले. कर्ज काढताना, घर घेताना लोकांना खोट्या आशेवर ठेवले नाही. चुकले ते दुसरीकडे: पंधरा महिने पुढचा निर्णय एप्रिल २०२० मध्येच बांधून टाकला. दर सहा महिन्यांनी आढावा घेऊ, असे एक वाक्य आदेशात असते तर २०२१ च्या सुरुवातीला करवसुली सावरल्यावर तिसरा हप्ता मोकळा करायला वाट राहिली असती.

मधल्या काळात घेतलेले निर्णय पाहिले की विसंगती दिसते. १२ ऑक्टोबर २०२० ला बाजारात मागणी यावी म्हणून सरकारने रजा प्रवास सवलतीऐवजी रोख देण्याची योजना आणली. रेल्वे प्रवासाला पात्र कर्मचाऱ्यासाठी माणशी ६,००० रुपये भाडे धरले होते. चौघांचे कुटुंब असेल तर २४,००० रुपये मिळवायला त्याने ७२,००० रुपये खर्च करायचे, तेही १२ टक्के किंवा जास्त जीएसटी असलेल्या वस्तूंवर, डिजिटल पद्धतीने आणि ३१ मार्च २०२१ च्या आत. ज्या २५,५०० मूळ वेतनाच्या लिपिकाचे मार्च २०२१ अखेर २५,२४५ रुपये भत्त्यात अडवले होते, त्याला आणखी ७२,००० खर्चायला सांगणे हे आर्थिक धोरण म्हणून जमत नाही. मागणी वाढवायचीच होती तर खालच्या स्तरांचा भत्ता सोडणे हा सर्वांत सोपा मार्ग होता. तो पैसा किराणा, औषधे आणि शाळेच्या फीमध्ये त्याच महिन्यात बाजारात आला असता.

त्याच महिन्यात ३०.६७ लाख अराजपत्रित कर्मचाऱ्यांना ३,७३७ कोटींचा बोनस दिला. त्यातल्या तात्पुरत्या (ॲड-हॉक) बोनसची रक्कम ७,००० रुपयांच्या मर्यादेवर ठरते, तीस दिवसांचे ६,९०८ रुपये, मूळ वेतन कितीही असले तरी. सारख्या रकमेचे वाटप कसे करायचे हे यंत्रणेला पक्के माहीत होते, याचा हा पुरावा. नोव्हेंबरमध्ये सार्वजनिक उपक्रमांतील भत्ता गोठवताना तर आदेश अधिकारी आणि संघटनेबाहेरचे पर्यवेक्षक यांच्यापुरता ठेवला, संघटित कामगारांना वगळले. म्हणजे श्रेणीनुसार भेद करणे सरकारला शक्य वाटत होते, फक्त आपल्या थेट कर्मचाऱ्यांच्या बाबतीत ते केले नाही. ११ नोव्हेंबर २०२० ला बँक कर्मचाऱ्यांचा १५ टक्के वाढीचा करार झाला, तोही नोव्हेंबर २०१७ पासून लागू. बँकांचे लोक टाळेबंदीत रोज खिडकीवर होते, त्यांची वाढ योग्यच होती. पण त्याच गल्लीतल्या टपाल कर्मचाऱ्याचा भत्ता गोठलेला होता. दोघांत फरक का, याचे कारण कोणी सांगितले नाही.

ज्यांना भत्ताच नव्हता

घरोघर जाऊन तापमान मोजणाऱ्या आशा सेविका स्वयंसेविका समजल्या जातात. त्यांना पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला आहे, त्यामुळे भत्ता गोठण्याचा किंवा सुटण्याचा प्रश्नच येत नाही. केंद्राने त्यांना कोविडच्या कामासाठी महिना १,००० रुपये जादा दिले, म्हणजे दिवसाला ३३ रुपये. महाराष्ट्राने जुलै २०२० पासून आशांना २,००० आणि त्यांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तकांना ३,००० रुपये वाढ दिली. तरीही जून २०२१ मध्ये सुमारे ७० हजार आशांना संप करावा लागला. तो मिटला तेव्हा पदरात पडले १,००० रुपये वाढीव मानधन आणि ५०० रुपये कोविड भत्ता. आरोग्य कर्मचाऱ्यांसाठीचे ५० लाखांचे विमाकवच त्यांनाही होते, ते महत्त्वाचेही होते. पण ते मेल्यावर मिळणारे पैसे आहेत, कामाचा मोबदला नव्हे. सार्वजनिक सेवेतील न्याय्य वेतनाची चर्चा कायमस्वरूपी कर्मचाऱ्यांच्या भत्त्यापाशी थांबली आणि सर्वांत जास्त धोका पत्करणारा गट तिच्या बाहेरच राहिला.

निष्पत्ती आणि एक दुरुस्ती

१४ जुलै २०२१ ला मंत्रिमंडळाने दर १ जुलैपासून २८ टक्के केला. एकदम ११ टक्के वाढ, अशा मथळ्यांनी लोकांचा गैरसमज आणखी वाढवला. घरभाडे भत्ताही वर गेला. महाराष्ट्राने ऑक्टोबरमध्ये आपल्या कर्मचाऱ्यांचा दर १७ वरून २८ टक्के केला, तोही १ जुलैपासूनच. अठरा महिन्यांच्या थकबाकीची मागणी संघटनांनी पुन्हा पुन्हा केली आणि सरकारने ती संसदेत नाकारली.

सर्वांत मोठी ठेच निवृत्तांना लागली. उपदान (ग्रॅच्युइटी) आणि शिल्लक रजेचे रोखीकरण शेवटच्या महिन्याच्या मूळ वेतन अधिक महागाई भत्त्यावर काढतात. पूर्ण सेवा झालेल्याला उपदान साडेसोळा पट आणि ३०० दिवसांची रजा दहा पट, एकूण साडेसव्वीस पट. ३० जून २०२१ ला ५६,९०० मूळ वेतनावर निवृत्त झालेल्याचे १७ टक्क्यांच्या दराने १,६५,८६३ रुपये कमी झाले. त्याच्यासोबत काम करणारा पण ३१ जुलैला निवृत्त होणारा मात्र पूर्ण रक्कम घेऊन गेला. कामावर असलेल्याचा तोटा १३२ टक्क्यांचा, तर या माणसाचा त्यावर आणखी २९१ टक्क्यांचा, केवळ जन्मतारखेमुळे. ७ सप्टेंबर २०२१ च्या आदेशाने ही चूक सुधारली. जानेवारी २०२० ते जून २०२१ मधील निवृत्तांसाठी सहामाहीनुसार २१, २४ आणि २८ टक्के असा काल्पनिक दर धरून उपदान व रजा रोखीकरण काढायचे ठरले. निर्णय चांगला होता, पण एप्रिल २०२० मध्ये निवृत्तीचे एक प्रकरण मांडून पाहिले असते तरी तो तेव्हाच सुचला असता. मधल्या काळातली हजारो प्रकरणे कार्यालयांना पुन्हा उघडावी लागली.

वेगळे काय करता आले असते

जानेवारी २०२० चा हप्ता वेगळा काढायला हवा होता. तो महामारीच्या आधीच्या महागाईचा होता आणि मंजूरही झाला होता. तो देऊन पुढचे दोन गोठवले असते तरी सरकारची बचत उरली असती: जानेवारीचे चार टक्के पूर्ण अठरा महिने दिले तर १३२ मधून ७२ जाऊन ६० उरतात, आणि पहिल्या सहामाहीपुरतेच दिले तर २४ जाऊन १०८ उरतात. पूर्ण अठरा महिने देणे जड वाटत असेल तर सर्वांना स्तर १ च्या हिशेबाने दरमहा ७२० रुपये, म्हणजे १८,००० चे चार टक्के, सरसकट देता आले असते. तळच्या कर्मचाऱ्याचा पहिला हप्ता पूर्ण वाचला असता आणि सचिवालाही ९,००० ऐवजी ७२० च मिळाले असते.

निवृत्तिवेतनधारकांना कर्मचाऱ्यांच्या आदेशात ओढायला नको होते. त्यांना वेतनवाढ नाही, बढती नाही, आणि महामारीत औषधांचा खर्च त्यांचाच सर्वांत जास्त. निदान एका ठरावीक निवृत्तिवेतनापर्यंत सूट द्यायला हवी होती.

आणि सप्टेंबर २०२१ चा काल्पनिक दर जिथे थांबला, तिथून तो पुढे नेता येतो. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेतला सरकारचा १४ टक्क्यांचा वाटा त्याच २१, २४ आणि २८ टक्के दरांनी पुन्हा मोजला तर प्रत्येक खात्यात मूळ वेतनाच्या सुमारे साडेअठरा टक्के रक्कम जमा करावी लागेल. स्तर १ साठी ती ३,३२६ रुपये होते. ती कोणाच्या हातात रोख जाणार नाही, निवृत्तीपर्यंत खात्यातच राहील, आणि थकबाकी न देण्याच्या मूळ निर्णयालाही धक्का लागणार नाही.